दोन उतारांमधली नदी

टॉफ्टांच्या थोरल्या मुलीचे, जनीनचे, लग्न झाले त्या उन्हाळ्यात, म्हणजे १९६८ साली, माझा जन्म झाला. मी होडी वाहून नेणारा गाडा आहे. आता जुना झालो आहे. लोक मला ट्रेलर म्हणतात. आर्डिस मात्र मला "अरे बाबा" म्हणत असे.

त्या उन्हाळ्यात प्लायवूडची गिरणी सहा आठवडे बंद होती. तिथे कामाला असलेल्या व्हर्जिल टॉफ्टला रिकामे बसवेना, म्हणून त्याने घरामागच्या शेडमध्ये मॅकेन्झी नदीसाठी होडी बांधायला घेतली. देवदाराच्या फासळ्या उभ्या केल्या आणि त्यांच्यावर प्लायवूडच्या लांब फळ्या वाकवायला सुरुवात केली. फळ्यांवर गोणपाट टाकायचे, त्यावर उकळते पाणी ओतायचे आणि लाकूड मऊ झाले की दोराने ओढायचे. त्याची बायको आर्डिस स्वयंपाकघरातून किटल्या आणून आणून दमली. पहिली फळी बंदुकीसारखा आवाज करून मधोमध फाटली.

"पाणी नीट उकळलं नव्हतं," व्हर्जिल म्हणाला.

"पाणी उकळलंच होतं. तूही उकळत होतास. दहा मिनिटं थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" आर्डिस म्हणाली.

दुसरी फळी वाकली. होडी सुंदर झाली. गावातले लोक येऊन तिच्या कडेवरून हात फिरवत.

मित्रांनो, मी उरल्यासुरल्यातून झालो. शेजारच्या होबार्टकडे मोडीत काढलेल्या मोटारीचा आस होता, कुंपणाचे लोखंडी नळ होते. त्याने ते जोडले. गाडीला अडकवायचा माझा पुढचा दांडा जोडायची वेळ आली, तेव्हा तो थांबला.

"चार फूट लांब ठेव, व्हर्जिल. आखूड गाडा मागे घेताना बकरीसारखा उड्या मारतो."

"लांब ठेवला तर शेडचं दार लागायचं नाही."

"मग दार उघडं ठेव!"

"आणि पाऊस काय तुझ्या घरी पाठवू?"

दांडा आखूड राहिला. माझ्या आयुष्यातली सगळी चूक ती एवढीच.

पहिल्याच दिवशी, होड्या नदीत सोडायच्या उतारावर व्हर्जिलने गाडी मागे घेत मला पाण्याकडे ढकलायला घेतले, तर मी आडवा होऊन झुडपात शिरलो. होबार्टने प्रयत्न केला, मी दुसऱ्या बाजूच्या झुडपात शिरलो. मागे रांग लागली. लोक हसू लागले. तेव्हा आर्डिस म्हणाली, "उतरा दोघंही." लहानपणी तिने बापाच्या गवताच्या गाड्या कोठारात मागे घातल्या होत्या. तिने मला एका दमात सरळ पाण्यात नेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्या टाळ्या महाग पडल्या.

कारण अशा होडीला प्रवाहाविरुद्ध परत आणता येत नाही. वरच्या उतारावर ती पाण्यात सोडायची आणि कुणीतरी गाडी व गाडा घेऊन रस्त्याने खालच्या उतारावर जाऊन थांबायचे. ते कुणीतरी आर्डिस झाली. तीस वर्षे. व्हर्जिल आणि होबार्ट नदीतून जात, आम्ही दोघे रस्त्याने. ती गाडीच्या पायरीवर बसून सफरचंदे सोली, विणकाम करी आणि वळणाकडे बघत राही. नदी तिलाही माझ्याइतकीच ठाऊक होती, दोन टोकांना. मधली कधी दिसली नाही.

"मधे काय आहे रे?" ती विचारी.

"पाणी," व्हर्जिल सांगे.

मला पाण्यात घालण्याआधी ती माझ्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर तळवा ठेवून पाही. रस्त्याने धावून तुंबा तापलेला असतो. तसाच गार पाण्यात बुडवला तर तो पाणी आत ओढून घेतो आणि आतले बेअरिंग गंजते. "हात टिकत नाही अजून. कॉफी ओत," ती म्हणे. मग कॉफी पिऊन होईपर्यंत सगळे थांबत. तिचा हात तुंब्यावर असे तेवढा वेळ मला विसावा मिळे.

१९९८ च्या वसंतात ती म्हणाली, "या वर्षी मी होडीत बसणार. मी सत्तरीची झाले. गाडा होबार्ट आणेल."

होबार्टने चर्चच्या अंगणात तीन दिवस मला मागे घेण्याचा सराव केला. त्यात एक कचऱ्याचा डबा गेला. "आर्डिस, हा गाडा नाही, खेचर आहे," तो म्हणे. "मग लाडाने बोल त्याच्याशी," ती म्हणे. चौथ्या दिवशी त्याला जमले.

पण मे महिन्यात ती उन्हाळाभर राहायला जनीनकडे गेली असताना, उतारावर मागचे लोक भोंगे वाजवू लागले आणि मी तापलेला असतानाच व्हर्जिलने होबार्टला मला पाण्यात घालायला लावले. आत पाणी शिरलेले मला कळले. सांगणार कसे? उन्हाळाभर माझे उजवे चाक कुरकुरत राहिले.

"ग्रीस भर रे त्यात," उन्हाळा सरता परत आल्यावर आर्डिस म्हणाली.

"गाड्याचा आवाज आहे तो, पोराचा खोकला आहे का? भरतो."

भरले नाही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आर्डिस घरातूनच होडीत घालायचे तरंगते जाकीट घालून निघाली. होबार्टने चिडवले, "गाडी बुडणार आहे का?" ती लाजून हसली, पण तिने जाकीट काढले नाही. नदीचा उतार चार मैलांवर असताना माझे उजवे चाक जागीच अडकले. धूर निघाला. बेअरिंगचा भुगा झाला होता. होबार्ट नवे बेअरिंग आणायला शहरात गेला, तर दुकान दुपारीच बंद झालेले. आर्डिस रस्त्याच्या कठड्यावर जाकीट घालून बसली होती. खालून नदीचा आवाज येत होता.

व्हर्जिल तिच्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "माझी चूक झाली."

"हो," ती म्हणाली. "थर्मास काढ."

त्या रात्री पाऊस सुरू झाला, नदी फुगली आणि मोसम संपला. वसंतात नक्की, असे ठरले. सोमवारी व्हर्जिलने नवी बेअरिंगे घातली, ग्रीस भरले. मग माझा दांडा कापून, मधे नळ जोडून चार फूट लांब केला, म्हणजे पुढे मला कुणीही मागे घेऊ शकेल. तेव्हापासून शेडचे दार लागत नाही. आर्डिस खिडकीतून ते उघडे दार बघून हसत असे.

मित्रांनो, आता मी त्याच दारात उभा आहे. पाठीवर होडी आहे, होडीत पाने साचली आहेत. मला फार काही मागायचे नाही. चाक कुरकुरले तर त्याच दिवशी ग्रीस भरा. तापलेल्या तुंब्यावर हात ठेवून थोडे थांबा. आणि खालच्या उतारावर तुमच्यासाठी जे कुणी बसले असेल, त्याला एकदा तरी वरच्या उतारावरून होडीत घ्या.

आर्डिस टॉफ्ट ११ फेब्रुवारी १९९९ रोजी, गुरुवारी सकाळी वारली. ती होडीत कधी बसली नाही.