कूलरचं पाणी प्यायलेली बॅटरी

मी इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगते, मी म्हातारपणाने मेले नाही. मला मारलं. कोणी आणि कसं, ते सांगितल्याशिवाय मी भंगाराच्या गाडीत चढणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, सहा खाने, खान्यांत आम्ल आणि वर सहा बुचं. अंगाने एवढी जड की जरीपटका भागाच्या मागच्या वस्तीतल्या या घरी मला आणताना दोन माणसांना मध्येच दम खावा लागला. मला आणलं मयुरीने, या घरच्या लेकीने, आपल्या पहिल्या पगारातून. तिचे वडील मारोतराव. वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलरच्या पाण्याची तपासणी करून निवृत्त झालेले. मला पाहताच म्हणाले, "ज्यानं जन्मभर लाइट बनवली, त्याच्या घरी हे डबडं काहून पाहिजे वं?"

पण पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली. सगळी गल्ली उकडून निघाली आणि आमच्याकडे पंखे फिरत राहिले. शेजारच्या सिंधूताई दारात येऊन बसल्या, त्या उठेचनात. मग मारोतरावांची छाती फुगली. "माह्या लेकीनं घेतली," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. दसऱ्याला त्यांनी मला झेंडूचं फूल वाहिलं. फूल मिळालं. पाणी मिळालं नाही.

बॅटरीला तहान लागते, मित्रांनो. उन्हाळ्यात तर फारच. तिला डिस्टिल वॉटर लागतं, ज्यात क्षाराचा कणही नसतो. माझ्या बुचांवरची खूण लाल रेघेपर्यंत उतरली तरी महिनेमहिने कोणी वाकून पाहिलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात मारोतरावांनी पाहिलं. सकाळी पाईप धरून ते कूलर भरत होते. बोअरचं पाणी, ज्याने कूलरच्या गवतावर पांढरे थर चढतात. डिस्टिलची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. तेवढं चालण्याचा कंटाळा आला. त्यांनी तोच पाईप आत ओढला, माझी सहाही बुचं उघडली आणि काठोकाठ भरली.

ज्या माणसाने तीस वर्षं बॉयलरमध्ये खारं पाणी जाऊ दिलं नाही, त्यावरून साहेबांशी भांडणं केली, त्याने हे केलं. न कळणाऱ्याला मी माफ केलं असतं. याला सगळं कळत होतं! तिथे डोक्यावर साहेब होता, इथे फक्त मी होते. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही, कूलर भरला की माझाही नंबर लागायचा. माझ्या पट्ट्यांवर पांढरं साचत गेलं.

यंदा जानेवारीत वच्छलाबाईंची, म्हणजे मारोतरावांच्या बायकोची, फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. दिवसातले सोळा तास नाकाला नळी. मशीन विजेवर चालतं. जोडीला एक सिलिंडरही होता, पण घरात बॅटरी आहे म्हणून तो परत केला. माझ्या भरवशावर! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आमच्या घशातून फक्त पीप पीप निघते.

एप्रिलमध्ये ती पीप पीप वाढली, तेव्हा मयुरीने संजीव मेकॅनिकला बोलावलं.

"काका, बॅटरी बसून राहिली. पाणी डिस्टिलच टाकता नं?"

"मंग काय बोअरचं टाकीन गा? पॉवर हाऊसातला माणूस आहो मी!"

संजीवने बूच उघडायचीही तसदी घेतली नाही. "मंग मालच खराब असन. नवी घ्या," म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी नवी घ्यायची की नाही, यावर घरात बोलणं झालं. "सात वर्षं चालते म्हणे! चार वर्षांत बसली," मारोतराव म्हणाले. "हप्त्यातून दोन घंटे लाइट जाते. तेवढा वेळ तुह्या आईचं मशीन ही कशीबशी ओढते. त्याच्यासाठी पुन्हा तेवढा पैसा काहून ओतायचा?"

मयुरीने मान हलवली. "खरं आहे बाबा. चांगलं पाणी देऊनही एवढीच टिकत असन, तर नाही परवडत. पावसाळ्यानंतर पाहू."

पोरीचा विचार चोख होता, मित्रांनो. फक्त त्याच्या बुडाशी बापाचं खोटं होतं. वच्छलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायलाही श्वास लागतो.

मे महिन्यात एका दुपारी दोन वाजता वीज गेली. नव्या दिवसांत मी असलं मशीन अडीच तास सहज ओढलं असतं. त्या दुपारी मी अकरा मिनिटं टिकले. देवाशपथ, आत काही शिल्लक ठेवलं नाही. बाराव्या मिनिटाला मशीन थांबलं. वच्छलाबाईंचे ओठ निळे पडू लागले. मयुरीने मशीन उचललं, मारोतरावांनी आणि शेजारच्या दोघांनी वच्छलाबाईंना खुर्चीसकट उचललं, आणि त्या फुफाट्यातून सगळे सिंधूताईंकडे धावले. सिंधूताईंनी मला पाहूनच स्वतःची बॅटरी घेतली होती. दर महिन्याला तिची बुचं तपासायच्या.

वीज आल्यावर सगळे परतले. सिंधूताई सोबत होत्या. "मारोतराव, लाइट बनवणाऱ्याची बायको आज माह्या लाइटीवर जगली नं?"

मारोतराव पुढे झाले. खाली बसले, माझं एक बूच उघडलं आणि टॉर्च मारला.

"काय आहे ते पांढरं?" मयुरीने विचारलं.

"क्षार."

"डिस्टिलमधे क्षार कुठून आला, बाबा?"

मारोतरावांनी बूच परत लावलं. "मीच टाकलं. कूलरचं. दोन उन्हाळे."

"अन् नवी घ्याची का नाही ते ठरवताना चार वर्षांत बसली म्हणून सांगितलं? आई मेली असती!"

"मले मालूम होतं," वच्छलाबाई नळीतून श्वास घेत म्हणाल्या. "खिडकीतून पायलं होतं. म्हटलं, आज सांगीन, उद्या सांगीन."

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली. मारोतराव डिस्टिलची बाटली घेऊन तिच्यापुढे वाकले, तोच वच्छलाबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडं. हिचं पाणी मी पाहीन. तुमी कूलर भरा."

मित्रांनो, घरात बॅटरी परवडते की नाही, ते तुमच्या घरच्यांनी ठरवावं. पण ठरवताना आधीचीला काय पाजलं, ते खरं सांगा. ते लपवून आम्हाला कुचकामी ठरवू नका. तुमच्या खोट्यावर कुणाचा तरी श्वास टांगलेला असतो.

भंगारवाला मला उचलायला आला आहे. वच्छलाबाई नळी लावतात, आधी नव्या बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे पाहतात, मग नवऱ्याकडे. दिव्यावर त्यांचा विश्वास जास्त आहे.