उजवीकडची खिडकी

"ही बघा, उजवीकडची खिडकी." लेकीने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. "डोंगर त्याच बाजूला येणार. शिवाय पंखाच्या पुढे आहे. याहून चांगली जागा अख्ख्या विमानात नाही."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणजे बघायचंच नव्हतं.

"मला मधली दे."

"मधली कुणी मागून घेतं का, बाबा? ती गळ्यात पडते."

"मग वाटेकडची दे. पाय मोकळे राहतात."

"पाय काय, घरी मोकळेच आहेत!"

दुपारची जेवणं उरकल्यापासून हाच घोळ चालला होता. धाकट्या भावाकडे परदेशी जायला बाबा दोनदा हो म्हणाले होते आणि दोन्ही वेळा ऐनवेळी फिरले होते. आई गेल्यापासून त्यांचं जग कोपऱ्यावरच्या दुकानापाशी संपत होतं. या खेपेला तिने स्वतःचंही तिकीट काढलं होतं. जागा एकदा पक्की झाली की बाबा हलतील, असं तिने मनाशी धरलं होतं. पण पडद्यावरच्या रिकाम्या खुर्च्या भराभर भरत होत्या आणि इथे बाबांचं घोडं पेंड खात होतं.

"जन्मभर घाटात बस चालवलीत. आणि आता खिडकीची भीती?"

"भीती कसली? मला कडेला बघायची सवय नाही. ड्रायव्हरने कडेला बघितलं की गाडी दरीत."

"विमान तुम्ही चालवणार नाही आहात!"

"ते बाकीच्यांचं नशीब."

ती हसली नाही. पडद्यावर पाटी उमटली होती : वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"झालं समाधान? यायचंच नसेल तर सरळ सांगा. धाकट्याला कळवते आणि मी सुटते."

टेबलावर सांडलेला पाण्याचा थेंब बाबांनी बोटाने पुसला, मग कोरड्या जागेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"यायचंय. खिडकीत तू बस. मी शेजारी."

"मी डोंगर बघून काय करू? हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी चाललाय."

"बघ आणि मला सांग. तुझी आई कधीमधी फेरीला यायची. माझ्या मागच्या खिडकीत बसायची. मी रस्ता बघायचो, ती सांगत राहायची. तळं आटलंय. मेंढ्या उतरल्यात. त्या घराला भलताच रंग दिलाय. तो सगळा घाट मी तिच्या तोंडून बघितलाय."

लेकीने नाक ओढलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि खिडकीची नि तिच्या शेजारची, अशा दोन जागा निवडल्या. पक्क्या झाल्या.

"पण तुला जमेल का?" बाबांना शंका आली. "आत्ता बाहेर काय दिसतंय, सांग बघू."

तिने मान वळवली. "समोरची इमारत."

"हे काय सांगणं झालं? इमारत आहे हे मलाही ठाऊक आहे."

"बाबा, आता पुरे हं!"

"एवढ्याशा भांडवलावर डोंगर सांगणार होय तू?"

तिने लॅपटॉप फाडकन मिटला, खुर्ची फरफटत खिडकीशी नेली आणि गजांना कपाळ लावून बसली.

"वरच्या मजल्यावर एक बाई चादर झटकतेय," अखेर ती म्हणाली. "पिवळी. वाऱ्याने तिच्याच तोंडावर येतेय सारखी. वैतागलीय."

बाबा समोरच्या भिंतीकडे सरळ बघत होते.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"