तिसऱ्या यंत्राचं पान

मी वही बोलतेय. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधून निघालेली, निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशी माझ्या धन्याशेजारी माझी गत.

माझे धनी अच्युत वझलवार. नागपूरहून नोकरीला आले आणि इथल्या टाउनशिपमध्येच त्यांचे केस पिकले. मोटारींची तपासणी संगणकाकडून करून घ्यायला त्यांनी स्वतः एक छोटी भाषा घडवली होती. तिचं नाव 'पारख'. ती येणारी माणसं जगात नऊ, आणि नऊही याच कारखान्यातली.

पुढे कारखान्यात तीन जातींचे संगणक झाले. पारख चालायची फक्त सर्वांत जुन्यावर. म्हणून साहेबांनी ठरवलं, पारखमध्ये प्रोग्रॅम लिहायची, चालवायची, चुका शोधायची अशी एकच सोय उभारायची, तिन्ही यंत्रांवर सारखी चालणारी. त्याचा आराखडा माझ्यात उतरला. कारखान्याच्या समितीला पटला तर पारख टिकणार. नाहीतर बाहेरून तयार माल येणार आणि सप्टेंबरात साहेबांबरोबर त्यांची भाषाही निवृत्त होणार.

मदतीला नलिनी होती. ग्वाल्हेरची, पलीकडच्याच ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहणारी, साहेबांना काका म्हणणारी. दोन यंत्रांचं काम साहेबांनी तिला दिलं, तिसऱ्याचं स्वतःकडे ठेवलं. सगळ्या किल्ल्या एकाच्या हाती देऊ नयेत, असं त्यांचं मत होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं त्यांना दिसलं, म्हणजे त्यांच्यामागे नलिनीने मला चाळलं होतं. नलिनीचा दीर शहरातल्याच शाहपुऱ्यात एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीत होता. झालं, साहेबांनी सुतावरून स्वर्ग गाठला. मलाही वाटलं, ही मला उतरवून घेऊन तिकडे पोचवणार. गोड बोलणाऱ्यांचा मला कधीच भरवसा वाटला नाही.

साहेबांनी पेन उघडलं. तिसरं यंत्र मोठी संख्या दोन तुकडे करून साठवतं आणि मोठा तुकडा आधी ठेवतं. साहेबांनी माझ्यात लिहिलं, लहान आधी. चोर उतरवेल तर फसेल, आणि फसला की सापडेल. खरं काय ते त्यांच्या डोक्यात होतंच. ती खोटी ओळ पोटात घेताना मला मजाच वाटली, लपवत नाही.

मग साहेबांना कावीळ झाली. निर्मलाकाकूंनी घरात कामाचा विषय काढायलाच बंदी केली. समितीची तारीख काही पुढे जाईना. तेव्हा नलिनीने कुणाला न सांगता तिसऱ्या यंत्राचं कामही अंगावर घेतलं. ते यंत्र दुसऱ्या विभागाच्या कुलपात, फक्त समितीच्या दिवशी मिळणारं. पडताळायला तिच्याजवळ मीच होते. एका हाताने डबा खात ती मला पुन्हा पुन्हा वाचायची, आणि मला कळलं की ते हळदीचं बोट अभ्यासाचं होतं. मला माझीच लाज वाटली. पण त्या ओळीवर तिचं बोट थांबलं तेव्हा मला काहीच करता आलं नाही.

समितीच्या दिवशी साहेब अशक्त पावलांनी आले. तिसऱ्या यंत्रावर पारख उघडलेली पाहून ते चकित झाले. पडद्यावर पहिलीच ओळ होती, 'रचना : अच्युत वझलवार'. नलिनीचं नाव कुठेच नव्हतं.

मग पडद्यावर तपासणीच्या मोटारीचे व्होल्ट आले. चारशे पंधरा यायला हवे होते, तुकडे उलटे लागून आले चाळीस हजार सातशे पाच. एक सदस्य म्हणाले, "इतने में तो पूरा भोपाल जल जाएगा." सगळे हसले. नलिनी भराभर माझी पानं उलटत होती, आपलं काय चुकलं ते शोधत.

साहेब उठले. चूक हिची नाही, माझी आहे, असं त्यांनी समितीला हिंदीत सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ती ओळ मी मुद्दाम खोटी लिहिली, नलिनी. तुझा संशय आला म्हणून."

समितीने महिन्याची मुदत दिली. बाहेर व्हरांड्यात नलिनीने एवढंच विचारलं, "सर, आणखी कुठे कुठे खोटं लिहिलंय?" काका नाही, सर.

"कुठेच नाही गं. ती एकच ओळ."

आता मी तिच्या टेबलावर असते. ती माझी एकेक ओळ यंत्रावर पडताळते आणि बरोबर ठरली की लाल पेन्सिलीने खूण करते. खोटी ओळ केव्हाच दुरुस्त झाली, पण तिच्यापायी माझ्या सगळ्या खऱ्या ओळी आरोपी झाल्या. पारख बहुधा टिकेल. मला त्याचा आनंद व्हावा तेवढा होत नाही. माणसांनो, कुणाची शंका आली तर त्याला तोंडावर विचारा, मला मध्ये घालू नका.

काल साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. थोडी मदत करू का, म्हणाले. नलिनीने उघड्या पानावर हात पालथा ठेवला.

"नको सर. माझं मीच बघून घेते."