मालावरचं नाव

ऋषीने कॉलर धरून उचललं तेव्हा नत्थू जेवत होता. मांडीवर उघडा डबा, हातात पोळीचा तुकडा, तोंडात घास. तो घास गिळायलाही त्याला सवड मिळाली नाही. पहिली चपराक बसली आणि वांग्याची भाजी त्याच्याच शर्टावर सांडली.

"गाडीत काय टाकलं होतं?" ऋषी ओरडला. "सांग, काय टाकलं होतं?"

नागपुरात मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडला नत्थूचं गॅरेज. ऋषी गेली अकरा वर्षं आपली गाडी इथेच आणत होता आणि त्याला नत्थूभाऊ म्हणत होता. आज तो 'तू'वर आला होता, आणि 'तू'वरून हातावर यायला माणसाला फार वेळ लागत नाही.

गेल्या सोमवारी नत्थूने गाडीचे ब्रेक पॅड बदलले होते. ऋषीने बजावून सांगितलं होतं, "बाजारातले नको नत्थूभाऊ, कंपनीचेच टाका. ब्रेकचा मामला आहे." शुक्रवारी खापरखेड्याच्या रस्त्यावर वीजकेंद्राची राख नेणारा एक ट्रक पुढ्यात अचानक थांबला. ऋषीने ब्रेक दाबला तर पॅडल सरळ तळाला गेलं. शेजारी त्याची बायको गार्गी बसली होती, तिची बाजू ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. जबडा मोडला, मांडीचं हाड मोडलं. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे दात तारेने बांधून टाकले होते. ऋषीला मात्र साधं खरचटलंही नव्हतं, आणि नेमकं हेच त्याला सहन होत नव्हतं.

आज रविवारी सकाळी तो चेपलेली गाडी ठेवली होती त्या आवारात गेला, चाक उतरवायला लावलं आणि पॅड काढून हातात घेतला. मागच्या पत्र्यावर गाडीच्या कंपनीचं नाव नव्हतंच. भलतंच नाव होतं, कधी न ऐकलेलं. झालं. डुप्लिकेट. ओरिजिनलचे पैसे घेऊन माणसाने डुप्लिकेट टाकलं आणि माझ्या बायकोचा चेहरा मोडला. पॅड कागदात गुंडाळून तो तडक इथे आला होता.

"साहेब, ओरिजिनलच टाकला," नत्थू म्हणाला. "तुमाले काहून फसवीन मी?"

"मग हे नाव कोणाचं आहे?"

"नाव तसंच राह्यते साहेब. गाडीची कंपनी पॅड बनवतच नाई, ते दुसऱ्याकडून—"

दुसरी चपराक. वाक्य तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर त्या वाक्यात सगळं काही होतं, पण मारणाऱ्याला वाक्य पूर्ण ऐकायची सवय नसते.

तोवर लोक जमले. समोरचा पानठेलेवाला अनिश आला, एक ऑटोवाला आला, शेजारच्या दुकानातले दोघे आले. ऋषीने पॅड वर धरून दाखवला, बायकोचं सांगितलं. मेकॅनिकवरचा एक जुना राग आपल्याकडे प्रत्येकाच्या पोटात असतोच. कोणाचा क्लच परत बिघडलेला, कोणाचा पार्ट बदलला म्हणून सांगून न बदललेला. कुठल्या मेकॅनिकने फसवलं ते कोणी विचारलं नाही. हाताशी हा होता. ऑटोवाल्याने पाठीत लाथ घातली. अनिशने, जो रोज नत्थूला उधारीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा देत असे, त्यानेही दोन ठेवून दिल्या. नत्थू खाली पडला, त्याचं डोकं जॅकवर आपटलं आणि कानामागून रक्त आलं.

ऋषीने त्याला उठवलं. दया आली म्हणून नाही. त्याला कबुली हवी होती. त्याने नत्थूचा उजवा हात कामाच्या टेबलावर दाबून धरला आणि चाकाचा पान्हा उचलला.

"बोल, डुप्लिकेट टाकला."

"ओरिजिनल होता साहेब."

पान्हा खाली आला. बोटं मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. नत्थूच्या तोंडून शब्द नाही, नुसती हवा निघाली.

"बोल."

"बाप्पा, ओरिजि—"

पान्हा पुन्हा खाली आला.

"हो," नत्थू म्हणाला. "हो साहेब. डुप्लिकेट टाकला. मीच टाकला. सोडा आता."

कोणीतरी हे मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या नागपूरने ते पाहिलं. ऋषीचे वडील दत्तोपंत, आयुष्यभर कारकुनी करून ज्यांनी डासापलीकडे कोणावर हात उगारला नव्हता, तेसुद्धा म्हणाले, "बरी अद्दल घडवलीस." ऋषीने दवाखान्यात जाऊन तो व्हिडिओ गार्गीच्या डोळ्यांसमोर धरला. बायकोला फळं न्यावीत तसा नेला होता त्याने तो. गार्गीने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिला समाधान वाटलं, असं ऋषीला वाटलं. पोलिसांत कोणीच गेलं नाही. चोर कशाला जाईल पोलिसांत, असं म्हणून ऋषी शांत झोपला.

गुरुवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला गेली. तिथे वेदिका नावाची मुलगी कागदपत्रं बघत होती. ऋषीला आता कोणावरच विश्वास उरला नव्हता. तो म्हणाला, "नवे पॅड माझ्या डोळ्यांसमोर उघडायचे. सील मी फोडणार."

तिने सीलबंद खोकं आणून दिलं. वर गाडीच्या कंपनीचं नाव, चकचकीत स्टिकर, सगळं जिथल्या तिथे. ऋषीने नखाने सील फोडलं, पॅड काढला, उलटा केला. मागच्या पत्र्यावर तेच नाव होतं. तेच, भलतं, कधी न ऐकलेलं.

"तुम्हीपण डुप्लिकेट विकून राहिले?" तो म्हणाला.

वेदिकाला हे नवीन नसावं. "सर, पॅड आम्ही कुठे बनवतो? ही कंपनी बनवते, आम्ही आमच्या खोक्यात घालतो. त्यांच्या स्वतःच्या खोक्यातलाही बाजारात मिळतो, थोडा स्वस्त. गाडीतले निघाले ते आमच्याच खोक्यातले आहेत, नंबर जुळतो. चांगले आहेत अजून."

"मग ब्रेक का गेला?"

"ब्रेकचा पाइप फुटला. रबर कुजलं होतं, सगळं ऑइल गळून गेलं. पॅड बदलताना हा पाइप दिसतोच. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

ऋषीला नत्थू दिसला, पॅड बदलले त्या सोमवारचा. चाकापाशी उकिडवा बसलेला, काळ्या बोटांनी पाइप वाकवून त्याच्यावरच्या भेगा दाखवणारा. "साहेब, हा बी बदलून टाकू. याचा भरोसा नाई." आणि ऋषी म्हणाला होता, "पुढच्या वेळी पाहू. तुम्ही लोक एका कामाची चार कामं करता." गार्गी तेव्हा गाडीतच बसली होती. खिडकी उघडी होती.

"नाही," तो वेदिकाला म्हणाला. "कोणी नाही सांगितलं."

नवं खोकं आणि जुना पॅड घेऊन तिथून तो धंतोलीला गेला. गार्गीच्या खाटेपाशी बसला आणि पॅडचं सगळं सांगितलं. पाइपाचं सांगितलं नाही. गार्गीला बोलता येत नव्हतं. तिने मोबाइल घेतला आणि एका अंगठ्याने सावकाश लिहिलं: 'पाइप त्यांनी दाखवला होता.' ऋषीने वाचलं. तिने पुन्हा लिहिलं: 'व्हिडिओ पाहून मला उलटी येत होती. तोंड बांधलेलं आहे. गुदमरून मेले असते.' मग एकच शब्द: 'जा.'

त्याला लाज वाटली. पण माणूस लाजेतही आपली सोय बघतो. खोकं घेऊन जावं, चार लोकांत चूक कबूल करावी, लोक दोन शिव्या देतील, कोणी एखादी ठेवून देईल, आणि फिट्टंफाट होईल. गाडी नव्हती म्हणून तो ऑटोने मानकापूरला निघाला. वाटभर खोकं त्याने छातीशी धरलं होतं.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. नत्थूची बायको प्रेमिला बाहेर बसून अवजारं गोणीत भरत होती. ऋषीला पाहून ती उठली. तिचा हात गोणीतल्या हातोडीवर होता.

ऋषीने रस्त्यातच उभं राहून लोकांना हाका मारल्या. अनिश ठेल्यावरून उतरला, रविवारचा ऑटोवालाही होता. ऋषीने खोकं उघडलं, जुना आणि नवा, दोन्ही पॅड शेजारी धरून दाखवले. "नाव एकच आहे. हे कंपनीचं सीलबंद आहे. नत्थूभाऊंनी ओरिजिनलच टाकला होता. माझी चूक झाली."

त्याला वाटलं होतं लोक हळहळतील. लोकांनी पॅडकडे नीट पाहिलंही नाही.

"पण त्यानं कबूल केलं ना," अनिश म्हणाला. "माह्या मोबाइलमंदी आहे."

"आपण मारलं म्हणून कबूल केलं."

"आपण म्हणजे कोण?" ऑटोवाला पुढे आला. "तुम्ही आता चांगले बनून राहिले, अन् आमाले अडकवता काय? मारा म्हणून तुम्हीच बोंबलत होते."

"मी फक्त खरं सांगून राहिलो."

"खरं तवाच पाहून यायचं होतं."

ऑटोवाल्याने त्याची कॉलर धरली. धक्का बसला, खोकं नालीत गेलं. मग कोणाचा तरी ठोसा ऋषीच्या तोंडावर बसला, एक दात ओठातून आरपार गेला आणि तोंड रक्ताने भरलं. तो पडला. अनिशने बरगडीत लाथ घातली. रविवारी ज्या जोराने त्यांनी नत्थूला मारलं होतं, त्याच जोराने ते आज ऋषीला मारत होते, आणि तेव्हाइतकीच त्यांची खात्री होती की आपण बरोबर आहोत. ऋषीने हात उचलला नाही. लाथ बसली की त्याला बरं वाटत होतं. फिटतंय, असं वाटत होतं.

"सोडा त्याले."

शटरखालून नत्थू वाकून बाहेर आला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कानामागे टाके.

"काहून सोडायचं?" प्रेमिला म्हणाली. "मारू द्या. चार महिने हात उचलत नाई तुमचा, डॉक्टर म्हन्ते. दोन बोटं तर गेलीच. मारू द्या त्याले."

"सोडा म्हन्लं ना," नत्थू म्हणाला. लोक मागे सरले, पुटपुटत आपापल्या कामाला लागले.

ऋषी उठून बसला. रक्त थुंकला. घाईघाईने बोलू लागला. "नत्थूभाऊ, मी व्हिडिओ करतो. माझ्या तोंडाने सांगतो. पोलिसांत मीच जातो. ओरिजिनल होता तुमचा पॅड, मी स्वतः सील फोडून पाहिलं."

"मले मालूम हाय तो ओरिजिनल होता," नत्थू म्हणाला. "मीच टाकला होता ना. अन् पाइप?"

ऋषीने मान खाली घातली. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तेही सांगतो."

नत्थू त्याच्यासमोर उकिडवा बसला, चाकापाशी बसायचा तसाच. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर ऋषीला सोपं गेलं असतं.

"एक सांगा साहेब. चार दिवस झाले, मी हेच इचार करून राहिलो. समजा मी डुप्लिकेटच टाकला असता. मंग माहा हात तोडनं बरोबर होतं काय?"

'नाही' हा शब्द ऋषीच्या ओठांवर तयार होता. कोणीही चांगला माणूस तोच म्हणेल. पण वर्कशॉपमधल्या नव्या पॅडच्या पत्र्यावर वेगळं नाव निघालं असतं तर तो आज इथे आलाच नसता. दत्तोपंतांची शाबासकी घेऊन तो जन्मभर शांत झोपला असता. हे त्याला कळत होतं, आणि इतक्या जवळून बघणाऱ्या नत्थूलाही ते दिसत असणार.

नत्थू थांबला होता. ऋषीला 'नाही' म्हणता आलं नाही.