तीनदा बघणारा माणूस

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या किरोळ गावठाणात कुणालाही विचारा. मागच्या वर्षी घाटकोपरच्या ह्याच हॉलमध्ये, पोकरच्या निवड स्पर्धेत, मी पत्ते वाटणाऱ्या मिथुनच्या अंगावर पत्ते फेकले होते. मुख्य पंच दीप्ती मॅडम. त्यांनी मला तिथल्या तिथे बाहेर काढलं. त्याच्या आदल्या वर्षी मी राखीव होते. म्हणजे दोन वर्षं संघ राज्य स्पर्धेला गेला आणि मी घरी सुकट निवडत बसले. ह्या वर्षी सहा जणांच्या संघात एकच जागा उरली होती, रविवारी जो शेवटपर्यंत टिकेल त्याची. आमच्यात पैसे लावत नाहीत, चिप्स, म्हणजे त्या रंगीत चकत्या, नुसत्या गुणांसाठी. पण संघाचा शर्ट घालून नागपूरला खेळायचं, हे मला हवं होतं. खूप हवं होतं, खोटं कशाला बोलू.

निघताना माझा नवरा मॅथ्यू म्हणाला, "व्हॅलेन्सिया, पत्ते कसे का येईनात, तू फक्त तोंड आवर."

पोकर तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात, मधे पाच पत्ते सगळ्यांचे, एकेक करून उघडतात. ज्याचा मेळ भारी तो जिंकला. नाहीतर हलक्या पत्त्यांवर जोरात चिप्स लावून समोरच्याला पॅक करायला, म्हणजे पत्ते टाकायला लावलं, तरी जिंकला. म्हणजे अर्धा खेळ पत्त्यांचा, अर्धा थापांचा.

टेबलावर आम्ही आठ जण. माझ्या उजवीकडे शौनक. सकाळी दहा वाजता हॉलमध्ये गॉगल लावून बसलेला, आणि प्रत्येकाचं कुठे चुकलं ते न विचारता सांगणारा. एका डावात मी दोन एक्के उघडले. त्याने सुस्कारा सोडला, "गेलो ना मी, आंटी." मी चिप्स ओढायला हात पुढे केला, तेव्हा साहेबांनी सावकाश आपले पत्ते उलटले. तीन गुलाम. जिंकलेले पत्ते लगेच दाखवायचे, लोंबकळत ठेवायचे नाहीत, ही टेबलाची साधी रीत आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मिथुन तर खुर्ची मागे सरकवून बसला. पण मी जीभ चावली आणि पाणी प्यायले.

माझ्या समोर होते अंबादास अंकल. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले, सहासष्ट वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ह्यांचा त्रास वेगळाच. माणूस इतका संथ की विचारू नका. पत्ते जरासे उचलून बघायचे, खाली ठेवायचे, परत बघायचे, परत ठेवायचे. कुणी असा वेळ काढला तर पंचांना सांगून त्याच्यावर घड्याळ लावता येतं. चारदा माझ्या ओठांवर आलं. पण घड्याळ मागितलं असतं तर म्हणाले असते, बघा, व्हॅलेन्सिया सुरू झाली. म्हणून मी नुसती बघत राहिले, आणि बघता बघता राग कुठे गेला आणि उत्सुकता कधी लागली ते कळलंच नाही. कारण हा माणूस काही वेळा एकदाच बघायचा आणि पत्ते टाकून द्यायचा. काही वेळा मात्र मोजून तीनदा बघायचा, आणि मग चिप्स लावायचा. दोनदा कधीच नाही. हे काय प्रकरण आहे?

जेवायच्या सुट्टीत मी सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या डब्याची कडी ढिली झालीय, मी त्याला रबर लावते. तो काढला, हातभाकरी आणि आमच्या ईस्ट इंडियन बॉटल मसाल्यातलं सुकट त्यांच्यापुढे केलं आणि विचारलं, "अंकल, तुम्ही पत्ते तीनदा का बघता?"

ते हसले. "ताई, मी एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात तपासणीला होतो. खराब कुलूप पहिल्याच किल्लीला कळतं, ते लगेच बाजूला टाकायचं. चांगलं असलं तर मात्र तीनदा उघडायचं, तीनदा लावायचं, मगच शिक्का. हाताला सवयच लागली. पत्ते वाईट असले की एकदा बघतो. चांगले असले की तीनदा."

मी घास हातात धरून बसले. अहो, पोकरच्या टेबलावर कुणी आपली अशी खूण सांगतं का? पण ते शांतपणे सुकट खात होते. "झकास झालंय," म्हणाले.

जेवणानंतर शौनक गेला. अंकलनी तीनदा बघितलं, तो हसत भिडला आणि हरून बाहेर पडला. साडेतीनपर्यंत आम्ही दोघंच उरलो. अंकलनी दोनदा मोठ्या चिप्स लावल्या, दोन्ही वेळा तीनदा बघून. मी दोन्ही वेळा पॅक केलं. पॅक केल्यावर समोरच्याचे पत्ते बघायचे नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. हे मला आतून कुरतडायला लागलं.

चहाच्या वेळी शौनक हळूच जवळ आला. "आंटी, म्हातारा तुम्हाला शेंडी लावतोय. जेवताना मी मागेच होतो, ऐकलं मी. आपली खूण कोण सांगतं यार? आता तो नुसता तीनदा बघतो आणि तुम्ही घाबरून पॅक करता."

ह्या पोराचं एक अक्षर मला सकाळपासून पटलं नव्हतं. हे मात्र पटलं.

शेवटचा डाव. माझ्याकडे राजा आणि राणी. मधे उघडले राजा, नव्वी, चौकी, दुर्री आणि शेवटी परत नव्वी. म्हणजे माझ्या दोन जोड्या, राजाची आणि नव्वीची. चांगला मेळ. अंकलनी पत्ते उचलून बघितले. एकदा. ठेवले. दुसऱ्यांदा. ठेवले. तिसऱ्यांदा. आणि सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा कमी होत्या. हो म्हटलं आणि हरले, तर नागपूर संपलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. दुपारी सुकट खाताना होतं तसंच तोंड, जरासुद्धा फरक नाही. मला वाटलं, एवढा साधा माणूस असतो का कुठे? असता तर इथपर्यंत आला असता का? मी म्हटलं, "बघते," आणि माझ्याही सगळ्या चिप्स पुढे केल्या.

त्यांनी क्षणभरही लोंबकळत ठेवलं नाही, लगेच पत्ते उलटले. एक्का आणि नव्वी. नव्व्या तीन झाल्या. माझी वाट लागली.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, मी आता काय फेकते ते. मी काहीच फेकलं नाही. उठून हात मिळवला. दीप्ती मॅडम पाठीवर थोपटून म्हणाल्या, "आज तुझ्या तोंडून एक वावगा शब्द नाही, कमाल केलीस." मला रडूच यायला लागलं. अख्खा दिवस रागावर पहारा ठेवला आणि हरले मी भलत्याच गोष्टीने.

सामान आवरताना मी अंकलना गाठलं. "का सांगितलंत मला? इतकं खरं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. "तुम्ही विचारलंत ना, ताई."

मग त्यांनी पिशवीतून माझा डबा काढला. धुतलेला. जेवल्यावर तो त्यांच्याकडेच राहिला होता, आणि त्यांनी त्याची कडी वाकवून नीट केली होती. माझ्यासमोर त्यांनी ती लावली, उघडली. परत लावली, उघडली. तिसऱ्यांदा लावली आणि डबा माझ्या हातात दिला. "आता रबर नको," म्हणाले.

मी तो तसाच पिशवीत टाकला. कडी ओढून बघितली नाही.