जांभळी कड

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात अंजली सोनकांबळेचे काम एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते: दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि गरज पडल्यास नाही म्हणायचे. आयटीआय करून ती भिंगे घासण्याच्या मशिनवर लागली होती; अंतिम तपासणीचा शिक्का हाती यायला सात वर्षे गेली. तपासणीची खिडकी उत्तरेला उघडे. समोर विजेचा मनोरा. पांढऱ्या आभाळावर त्याचे काळे गज पाहायचे. भिंग चांगले असेल तर काळ्याची कड काळीच राहते. नसेल तर एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट किनार उमटते. काचेतून वाकताना प्रकाशाचे रंग एकमेकांची साथ सोडतात. त्यांना पुन्हा एका जागी आणणारी खास काच असते, आणि भारी दुर्बीण भारी ठरते ती तिच्यामुळे. बाकी सारे रबर आणि जाहिरात.

आजवर परदेशी कंपन्यांसाठी भिंगे घासणाऱ्या या कारखान्याने फेब्रुवारीत स्वतःच्या नावाची पहिली दुर्बीण काढली. ‘जागतिक दर्जा’ हे शब्द फाटकावर चढले. पहिल्या दोनशे बारा नगांना अंजलीने लाल चिठ्ठी लावली. मनोऱ्याची कड जांभळी दिसत होती, आणि तीही चित्राच्या मधोमध, जिथे ती मुळीच दिसू नये. खास काचेच्या जागी साधी काच बसली होती. हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती.

उत्पादनप्रमुख रविराज चिठ्ठ्यांच्या रांगेसमोर उभा राहिला. “अंजली मॅडम, गिऱ्हाईक पक्षी बघणार आहे. विजेचे खांब नाही.”

“पक्षी खांबावरच बसतात, सर.”

“अहो, असली नजर घेऊन संसार कसा करता तुम्ही?”

आजूबाजूची माणसे हसली. हसणे हे त्या विभागातले असे एकच काम होते, ज्याचे उद्दिष्ट रोज पूर्ण होई.

रविराजने वाद घातला नाही. तो शिकलेला होता, आणि शिकलेली माणसे वाद घालत नाहीत, चाचणी घेतात. वाकडच्या एका पक्षिनिरीक्षक मंडळाला त्याने रविवारी सकाळी कारखान्याच्या गच्चीवर बोलावले. तिपाईंवर तीन दुर्बिणी: एक कंपनीची, दोन नामांकित परदेशी, नावांवर काळी पट्टी. मंडळाने कंपनीची दुर्बीण बरोबरीची ठरवली, तर दोनशे बारा नग बाजारात जाणार आणि शिक्का दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार. नापास केली, तर लाल चिठ्ठ्या कायम. “त्रयस्थ माणसं आहेत. तुम्हाला न्यायच हवाय ना?” त्याने विचारले. अंजली हो म्हणाली. तिला खरोखरच हवा होता.

मंडळातले नऊ जण आले. बहुतेक सगळे चाकणच्या वाहन कंपन्यांतले गुणवत्ता अभियंते. त्यांचा म्होरक्या समर्थ. गळ्यातल्या दुर्बिणीची किंमत तो न विचारताही सांगत असे. तिन्ही दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीवर एकेक हिरवा गोल स्टिकर होता: ‘कॅलिब्रेटेड. हात लावू नये.’ खाली तारीख आणि रविराजची सही.

या हिरव्या गोलाचे माहात्म्य बाहेरच्या माणसाला कळणे कठीण. चाकणच्या पट्ट्यात नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अभियंत्याला शिकवले जाते, की मोजणीच्या ज्या साधनावर हिरवा गोल आहे ते बरोबर असते आणि त्याला हात लावणारा चूक. हा धडा इतका खोल मुरतो, की घरच्या वजनकाट्यावर उभे राहतानाही माणूस आधी स्टिकर शोधतो. मात्र दुर्बीण काही वजनकाटा नव्हे. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतले अंतर वेगळे, म्हणून तर तिला बिजागरी असते. हाती आल्याबरोबर ती आपल्या डोळ्यांजोगी वाकवून घ्यायची असते. अंतर तीन-चार मिलिमीटरने चुकले तरी चित्र पुरे दिसते, पण डोळा भिंगाच्या मध्यातून न पाहता कडेतून पाहू लागतो, आणि मग जगातल्या उत्तमोत्तम काचेलाही जांभळी किनार येते. नऊही जणांना हे ठाऊक होते. स्वतःची दुर्बीण ते रोज वाकवत होते. त्या सकाळी एकाचाही हात बिजागरीकडे गेला नाही.

“दोन नंबर बघ राव, कसली जांभळी मारतीये!”

“तीनपण तसाच. एक नंबर त्या मानाने क्लीन आहे, भावा.”

“एक नंबर जर्मन असणार. लिहून देतो.”

“वजनावरूनच कळतं.”

“तू उचललास कुठे? तिपाईवर आहे तो!”

एक नंबर कंपनीचा होता. रविराज पाठीमागे हात बांधून मनोऱ्यावरच्या घारीकडे पाहत राहिला.

अंजलीला दाराजवळ उभे राहायला सांगितले होते. तिथूनही तिला दिसले, की दोन आणि तीनच्या नळ्या एक नंबरपेक्षा जास्त फाकलेल्या आहेत. ती सरळ पुढे आली आणि तिने दोन नंबरचा स्टिकर नखाने सोलून काढला.

“मॅडम, चाचणी चालू आहे!” रविराज ओरडला.

“मलापण तेच वाटलं होतं, सर.” तिने समर्थला बोलावले, त्याच्या डोळ्यांना दुर्बीण लावून नळ्या जवळ आणल्या. “चित्र एकच गोल झालं की सांगा. झालं? आता घारीची कड पाहा.”

समर्थ बराच वेळ पाहत राहिला. मग तिने एक नंबरचा स्टिकर काढला आणि तोही त्याच्या डोळ्यांना जुळवून दिला. तो पुन्हा पाहत राहिला.

“दोनची जांभळी गेली,” तो हळूच म्हणाला. “एकची... एकची आहे. मधोमध आहे.”

गच्चीची किल्ली सांभाळणारा पहारेकरी खंडू मागून म्हणाला, “मंग झालं की! सायबांनी बघितलं.” ही गच्ची ज्या जमिनीवर उभी होती, ती कधीकाळी त्याच्या वडिलांची.

समर्थची नजर अंजलीच्या बोटांना चिकटलेल्या हिरव्या कागदावर गेली. त्याचा चेहरा हळूहळू कचेरीतला झाला.

“पण मॅडम, तुम्ही सील तोडलंत.”

“जुळवून दिलं.”

“हो, पण आता हे रीडिंग ग्राह्य कसं धरायचं?”

“तुम्हाला दिसलं ना?”

“दिसण्याचा प्रश्न नाही. पद्धतीचा प्रश्न आहे.”

“प्रोसेस म्हणजे प्रोसेस, राव,” कोणीतरी म्हणाले.

“आवं, पर दिसलं न्हाई का तुमास्नी?” खंडूने विचारले. पहारेकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत नव्हती.

स्टिकर निघण्यापूर्वीची नऊ मते ग्राह्य ठरली, नंतरचे एक अग्राह्य. नऊ जणांनी सह्या केल्या. खाली पोहे तयार होते.

मंगळवारी चौकशी झाली. आरोप: प्रमाणित साधनाशी छेडछाड. समर्थचे पत्र वाचून दाखवण्यात आले. बिजागरी जुळवल्यावर निकाल उलटा आला, हे त्याने शेवटून दुसऱ्या परिच्छेदात नमूद केले होते, आणि पद्धतभंगामुळे ते विचारात घेऊ नये, हे शेवटच्यात. त्याने खोटे काही लिहिले नव्हते. सुशिक्षित माणसाला खोटे लिहावे लागत नाही. खऱ्याला चुकीच्या परिच्छेदात बसवले की पुरते.

इतर बाहेर गेल्यावर रविराजने दार लोटून घेतले. “हे बघा, मला तुमचं वाईट करायचं नाही. त्या नगांवर शिक्का मारा. स्टिकरचं अनवधानाने झालं, असं मी लिहितो. जागा तुमचीच राहील.”

“काच बदलली ती पण अनवधानानेच का, सर?”

त्याने समर्थचे पत्र घडी घालून फायलीत ठेवले. अंजलीने खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला.

बुधवारी लाल चिठ्ठ्यांच्या जागी पिवळ्या आल्या: ‘डेव्हिएशनखाली मंजूर’. दोष ठाऊक आहे आणि तो स्वीकारला आहे, असा त्याचा अर्थ. पिवळी चिठ्ठी खोक्याबरोबर जात नाही, कारखान्यातच राहते. अंजलीची बदली पॅकिंगला झाली. नेमके तेच दोनशे बारा नग तिच्या पुढ्यात आले. प्रत्येक खोक्यात घालायचे कार्ड जानेवारीतच छापून ठेवलेले होते: ‘अंतिम तपासणी: अंजली सोनकांबळे’.

तिने पट्टी आणि काळे पेन घेतले. प्रत्येक कार्डावर स्वतःच्या नावावरून एक सरळ रेघ मारली आणि कार्ड खोक्यात ठेवले. दोन शिफ्ट लागल्या. पॅकिंगच्या सुपरवायझरने घाबरून रविराजला बोलावले. त्याने एक कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “कार्ड कोण वाचतं?”

माल गेला. मे अखेरपर्यंत तक्रार एकच आली: पिशवीची चेन अडकते.