गढूळ खर्ज

क्लिफ्टनने खोक्यावरची चिकटपट्टी सुरीने उभी चिरली आणि वरचीच रेकॉर्ड बाहेर काढली. करड्या कव्हरवर एका बसचं पुसट छायाचित्र होतं. त्याने नाव वाचलं आणि रेकॉर्ड पुन्हा खोक्यात पालथी ठेवली.

"काय रे, फुटकी निघाली का?" काउंटरमागून मॅक्सीनने विचारलं.

"नाही."

"मग लाव की. ही जुनी रेकॉर्ड नव्याने छापणाऱ्या त्या हॉलंडवाल्यांचे पोचली का म्हणून दोन फोन येऊन गेले."

मॅक्सीनच्या या दुकानात क्लिफ्टन बेल गेली वीस वर्षं दर शुक्रवारी 'नवी आवक' लिहीत होता. डेट्रॉइटच्या तळघरांतून, गॅरेजांतून आणि समुद्रापलीकडून जे काही नाचायचं संगीत त्या आठवड्यात आलं असेल, त्यातल्या प्रत्येकावर दोन ओळी. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्या ओळी वाचून लोक रेकॉर्ड उचलत, नाहीतर परत फळीवर ठेवत.

त्याने सुई टेकवली. आधी नुसताच ठोका आला, शेजारच्या घरात कुणी भिंतीत खिळा ठोकत असल्यासारखा. मग खालून खर्ज चढू लागला. जाड, ओलसर, कडा नसलेला. थंडीत थांब्यावर उभ्या असलेल्या बसचं इंजिन पायांखाली घुमतं तसा. खिडकीपाशी रेकॉर्ड चाळणाऱ्या गिऱ्हाइकाने कानावरचे हेडफोन काढले आणि वळून पाहिलं. मॅक्सीनचा हात लिहिता लिहिता थांबला.

"अगं आई गं," ती म्हणाली. "हा खर्ज ऐकतोयस ना?"

क्लिफ्टनने मान हलवली.

"ओडेसा प्रुएट म्हणजे ती बसवालीच ना? हीच रेकॉर्ड तिने बारा वर्षांपूर्वी स्वतः छापून आणली होती आपल्याकडे. सगळा गठ्ठा तसाच परत नेला बिचारीने. तू काय लिहिलं होतंस रे तेव्हा?"

"काय माहीत. आठवत नाही."

त्याला अक्षर न् अक्षर आठवत होतं. 'खर्ज गढूळ. मेहनत आहे, पण साफसफाई हवी.' त्या आठवड्यात तीसेक रेकॉर्ड आल्या होत्या आणि कागद दुपारी छापायला जायचा होता. घरी केलेल्या कुठल्याही रेकॉर्डला लागू पडेल अशी ती ओळ होती. प्रुएटबाईंच्या रेकॉर्डचा प्लास्टिकचा कागद त्याने फाडलासुद्धा नव्हता. पुढच्या शुक्रवारी त्या बसचालकाच्या गणवेशातच आल्या, काउंटरपाशी उभ्या राहून त्यांनी दोन ओळी वाचल्या, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "आभारी आहे, मिस्टर बेल." त्यावर तो हसला होता. ते हसणंही त्याला आठवत होतं.

"ती कुठे राहते?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीच्याच चर्चला जाते, तिच्याकडून पत्ता घेऊन देते. का?"

"असंच. उद्या जाऊन येईन म्हणतो."

मॅक्सीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी ओडेसा प्रुएटनी दार उघडलं तेव्हा घरभर कॉलर्डच्या पालेभाजीचा आणि धुरावलेल्या मांसाचा वास भरला होता. साठी ओलांडलेली बाई, केस पांढरे, पाठ ताठ. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"या, मिस्टर बेल. हॉलंडच्या पोरांनी आणलं वाटतं तुम्हाला."

"तुमची रेकॉर्ड आली काल. लोक वेडे झालेत," क्लिफ्टन म्हणाला. टोपी हातात घेऊन तो दारातच घुटमळला. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांगाल हो. आधी खाली चला. बरं झालं आलात. मी कितीदा म्हटलं असेल, ह्या माणसाला एकदा ऐकवायलाच हवं."

तळघरात एक टेबल होतं, त्यावर जुनं ताल वाजवायचं यंत्र, दोन कीबोर्ड आणि भिंतीला टेकवलेले स्पीकर. प्रुएटबाईंनी त्याला एकुलत्या एका आरामखुर्चीत बसवलं.

"त्या जुन्या रेकॉर्डचं कौतुक करतात, पण मला ती ऐकवत नाही," त्या म्हणाल्या. "लाज वाटते. माझ्या भावाने, पाद्रीबाबांनी, सगळ्यांनी छान छान म्हटलं होतं तेव्हा. तुम्ही एकटे खरं बोललात. तेव्हापासून ड्यूटीवरून आले की रोज दोन तास इथे बसते, निव्वळ खर्ज साफ करायला. बारा वर्षं. ऐका आता."

त्यांनी कळ दाबली.

क्लिफ्टनने डोळे मिटले. ठोका अचूक होता. वरचे सूर काचेसारखे एकेक वेगळे ऐकू येत होते. आणि खाली काहीच नव्हतं. म्हणजे खर्ज होता, पण घासून, पुसून, कापून दोरीएवढा उरलेला. पाहुण्यांसाठी म्हणून सोफ्यावर प्लास्टिक चढवून ठेवतात आणि मग त्यावर कुणी कधी बसतच नाही, तसं वाटलं त्याला. सात मिनिटं तो हलला नाही. एकदाही त्याच्या पायाने ठेका धरला नाही, आणि हे त्याच्याआधी प्रुएटबाईंच्या लक्षात आलं.

"काय?" त्यांनी विचारलं. "अजून गढूळ आहे?"

"नाही."

"मग?"

त्याने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. 'सुंदर' हा शब्द जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर भाजी खाऊन, हात मिळवून घरी जाता आलं असतं.

"मिसेस प्रुएट, मी ती रेकॉर्ड ऐकली नव्हती."

"कुठली?"

"तुमची पहिली. बारा वर्षांपूर्वी. मी न ऐकताच लिहिलं. काल पहिल्यांदा ऐकली. तुमच्या खर्जात काहीही खोट नव्हती. सगळा जीव त्यातच होता. आणि आता जे ऐकलं, त्यात तो नाही."

प्रुएटबाईंनी यंत्र बंद केलं. टेबलावरची धूळ नसलेली जागा बोटाने पुसली, एकदा, दोनदा. मग उठल्या आणि जिना चढून वर गेल्या.

क्लिफ्टन उभा राहिला. वर पावलं वाजत होती. नळ सुटला, बराच वेळ वाहिला, बंद झाला. भांड्यावर झाकण आपटलं. जावं की थांबावं, त्याला कळेना. त्याने कोट अंगात घातला, पण जिन्यापाशी जायला पाय उचलेना.

त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात बुटांचं एक मोठं खोकं होतं. डोळे लाल होते, आवाज मात्र बसमध्ये थांबा पुकारावा तसा सपाट.

"सदतीस कॅसेटी आहेत. पहिली तुमच्या त्या शुक्रवारच्या आधीची. शेवटची गेल्या आठवड्यातली. त्यातला जीव मी नेमका कुठे मारला, ते मला सांगायचं."

"मी तुमची माफी मागायला..."

"ते आत्ता नको. कोट काढा."

त्याने कोट काढला आणि आरामखुर्चीत बसला. प्रुएटबाईंनी पहिली कॅसेट लावली, एक स्टूल त्याच्या अगदी समोर ओढलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून त्या बसल्या.